कार्डाला जागा नाही

पुष्पांजली हिवराळेचा जुना फोन वाक्याच्या मधोमध गप्प बसायला लागला तो दिवाळीच्या तोंडावर. एका संध्याकाळी बुलढाण्याच्या बसस्टँडजवळ उभी राहून ती मैत्रिणीचा निरोप ऐकत होती. "मी उद्या सकाळी बुलढाण्याला" एवढं बोलून फोन जो थांबला, तो थांबलाच. मैत्रीण येणार आहे की येणार नाही, हे कळायला चार मिनिटं लागली, आणि तोवर घराकडे जाणारी रिक्षा भरून निघून गेली.

पुष्पांजलीला दिसत नव्हतं. सात वर्षांची असताना तापात डोळे गेले. आता ती छत्तिशीची होती आणि एका सरकारी कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर लिपिक होती. तिचा फोन बोलायचा. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते सांगायचा, दोनदा टिचकी मारली की उघडायचा. पाच वर्षांत तिनं त्याच्या बोलण्याचा वेग वाढवत वाढवत इतका नेला होता, की शेजारी बसलेल्याला नुसती किरकिर ऐकू यावी. तिची आई गोजरबाई त्या आवाजाला टिटवी म्हणायची. "तुही टिटवी वरडून राह्यली व," असं स्वयंपाकघरातून सांगायची, आणि पुष्पांजली जाऊन फोन घ्यायची.

आसमा म्हणजे ती निरोपवाली मैत्रीण. नागपूरच्या प्रशिक्षणात दोघी एका खोलीत होत्या. तिलाही दिसत नव्हतं, ती अकोल्याला बँकेत होती आणि सहा वर्षांपासून आयफोन वापरत होती. ती दुसऱ्या दिवशी आली आणि जेवता जेवता म्हणाली, "सोड आता त्याला. एकदा हा घे. पंधरा दिवस रडशील, मग मला दुआ देशील."

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी पुष्पांजली जयस्तंभ चौकामागच्या फारुखभाईंच्या दुकानात गेली. फारुखभाई तिचा फोन पहिल्यापासून पाहत आले होते. त्यांनी दोन वर्षं वापरलेला पण जपलेला एक आयफोन तिच्या हातात ठेवला. पुष्पांजलीनं कडेवरून बोट फिरवलं, खालचं भोक चाचपलं, वरून खालून पाहिलं.

"फारुखभाई, कार्ड कुठं बसतं?"

"सिमकार्ड ना? हे इथं, सुई घालून निघते."

"सिमचं नाही. मेमरी कार्ड."

"ते याच्यात नसते, ताई. या कंपनीच्या कोणत्याच फोनला नसते." फारुखभाईंनी सुई परत खोक्यात टाकली. "तुमचं काय असते कार्डात?"

"पुस्तकं," पुष्पांजली म्हणाली. "कोणी तरी वाचून देतं."

"मग त्यांना म्हणा, ड्राइव्हवर टाका. घरी बसल्या तुमच्या फोनमध्ये येते. यायचं नाही, जायचं नाही."

ते तिला पटलं. सोयीचंच होतं. तिनं फोन घेतला.

पहिला आठवडा तिच्या बोटांचा फजितीचा गेला. जुन्या फोनवर मागे जायचं तर बोट खाली आणून डावीकडे ओढायचं, हे तिच्या हाताला झोपेतही येत होतं. इथं दोन बोटं टेकवून घासल्यासारखी इकडून तिकडे ओढायची होती. वाचण्याची पद्धत बदलायची तर दोन बोटांनी रेडिओची कळ पिळावी तसं काचेवर पिळायचं होतं. ती पिळायची, आणि फोन भलतंच काही तरी सांगायचा. बटणांची नावं इंग्रजीतून, मजकूर मराठीतून, असा त्याचा दुभाषी संसार होता. टाइप करायचा कळफलकही वेगळा. "जावक क्रमांक" लिहायला तिला एकदा अख्खी चहाची सुट्टी लागली.

फोन कापता येईना, ही सगळ्यात मोठी पंचाईत. एका संध्याकाळी आसमाशी बोलणं झालं, पुष्पांजलीनं फोन ओट्यावर ठेवला, भांडी घासली, आईबरोबर मेथी निवडली, शेजारणीच्या सुनेची चौकशी केली, आणि वीस मिनिटांनी ओट्यावरून आवाज आला, "मेथीत लसूण जास्त घाल."

"तू अजून आहेस?"

"तूच ठेवला नाही. मला करमत होतं," आसमा म्हणाली. "दोन बोटं, दोनदा टिचकी. काचेवर कुठंही."

पण काही गोष्टी तिला पहिल्या दिवसापासून आवडल्या. हा फोन अडत नव्हता. बोट पडलं की शब्द हजर. आणि त्याचं मराठी नीट होतं. जुना फोन तिचं नाव "पुष्पान जली" असं तोडून घ्यायचा. पाच वर्षं तिनं ते ऐकून घेतलं होतं. नव्यानं पहिल्याच दिवशी स्वच्छ "पुष्पांजली" म्हटलं, तेव्हा ती दोनदा बोट फिरवून पुन्हा ऐकत बसली.

मात्र आवाज ओळखीचा नव्हता, म्हणून वेग कमी ठेवावा लागला. त्याचा एक परिणाम तिच्या ध्यानात आला नव्हता. तो गोजरबाईच्या आला.

"आता समजते मले," गोजरबाई समाधानानं म्हणाली. "टिटवीचं काही समजत नव्हतं. ही बाई चांगली सावकाश बोलते. तुह्या साहेबानं उद्या लवकर बोलावलं. अन् त्या वरवटवाल्याचा निरोप आला, शनिवारी येतो म्हणते."

वरवटवाला म्हणजे धम्मरत्न तायडे. वरवट बकालला त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक त्याच्याकडे आणून टाकायचे, आणि तो तांब्याची जुनी तार उकलून नवी भरून द्यायचा. वय एकोणचाळीस. अकरा वर्षांपूर्वी पुष्पांजली स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. पुस्तकं वाचून रेकॉर्ड करून देणारी माणसं हवीत, असं तिच्या अंधांच्या संस्थेनं कळवलं होतं. जिल्ह्यातून सात जणांनी नावं दिली. सहा जण पहिल्या महिन्यात गळाले. धम्मरत्न तेवढा टिकला. त्यानं राज्यघटना वाचली, भूगोल वाचला, अंकगणिताची उदाहरणंसुद्धा "कंसात अधिक चार, कंस पुरा" असं म्हणत वाचली. ती पास झाली, नोकरीला लागली. तरी त्याचं वाचणं थांबलं नाही. परीक्षेची पुस्तकं संपली तशी तो गोष्टींची पुस्तकं वाचू लागला.

त्याच्या दुकानाला लागून पिठाची गिरणी होती. लाइन, म्हणजे वीज, असली की गिरणीचा आवाज, म्हणून लाइन गेली की तो रेकॉर्डिंगला बसायचा. पहिली दोन वर्षं त्यानं कार्ड एसटीच्या वाहकाजवळ पाठवलं. मग एकदा वाहक बदलला, कार्ड खामगावच्या पुढं कुठं तरी हरवलं, आणि तेव्हापासून तो स्वतः यायला लागला. पंधरा दिवसांतून एक शनिवार. वरवटहून खामगाव, खामगावहून बोथ्याचा घाट चढून बुलढाणा, साडेतीन-चार तास. "मोटारीची तार घ्याची असते बुलढाण्यात," असं तो सांगायचा. भरलेलं कार्ड द्यायचा, ऐकून झालेलं घ्यायचा, चहा प्यायचा, पुस्तकावर बोलायचा आणि अडीचच्या गाडीनं परतायचा. तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला तायडेजी. नऊ वर्षांत यात फरक पडला नव्हता.

त्या शनिवारी तो आला, "जयभीम मावशी" म्हणून खुर्चीवर बसला आणि खिशातून कार्डाची डबी काढली. त्या डबीचा बारीक टक आवाज पुष्पांजलीला पाठ होता.

"तायडेजी, कार्ड आता लागणार नाही," ती म्हणाली. "फोन बदलला मी. याला कार्डाची जागाच नाही."

"जागाच नाही? अस्सं." त्यानं फोन हातात घेतला असावा, त्याच्या बोटांना वार्निशचा वास असायचा, तो जवळ आला आणि लांब गेला. "इतका महागाचा फोन अन् कार्डाले जागा नाही?"

"तुम्ही ड्राइव्हवर टाका. मी सांगते कसं ते. फाईल तिथं चढवली की मला इथं मिळते."

"आमच्याइथं नेट जरा सुस्त हाय."

"रात्रभर लावून ठेवा. सकाळपर्यंत चढते. मग तुम्हाला एवढं घाट चढून यायचा त्रास नाही. आता रब्बीत मोटारी पण फार जळतात ना? दुकान बंद ठेवावं लागतं तुम्हाला."

"हाव. ते तं हाय," धम्मरत्न म्हणाला.

तिनं त्याच्या फोनवर सगळं समजावून दिलं. त्यानं ते नीट करून दाखवलं. चहा झाला. डबी पुन्हा खिशात गेली. त्या दिवशी पुस्तकावर बोलणं जरा कमीच झालं, आणि तो अडीचच्या ऐवजी दीडच्या गाडीनं गेला. आपण एका माणसाचे महिन्याचे दोन दिवस वाचवले, याचं पुष्पांजलीला बरं वाटलं. आणि तसं वाटूनही दुपारभर तिला कशातच मन लागेना.

फाईली यायला लागल्या. अगदी नेमानं, आठवड्याला एक, कधी दोन. एका दर्यावर्दी माणसाच्या प्रवासाचं पुस्तक तेव्हा चालू होतं. आवाज स्वच्छ होता. त्यानं गावातल्या कोणा पोराकडून फाईल साफ करून घ्यायचं शिकून घेतलं असावं. खोकला नाही, पानं उलटल्याचा आवाज नाही, बाहेरून कोणी हाक मारल्याचं नाही. चौथा भाग ऐकून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आणखीही एक गोष्ट नाही.

आधी तो वाचता वाचता थांबायचा. "मॅडम, हे खलाशी लोक इतका दोर कायले गुंडाळून राह्यले, मले समजलं नाही. तुम्हाले समजलं तं सांगजा." किंवा, "हा माणूस इथं खोटं बोलून राह्यला असं मले वाटते. पुढं पाहू." समुद्र त्यानं कधी पाहिला नव्हता, तिनंही नव्हता. त्या दोघांनी मिळून एक समुद्र तयार केला होता, त्यात बराचसा भाग पूर आलेल्या नदीचा होता. आता ते थांबणं बंद झालं होतं. ड्राइव्हवर टाकायची वस्तू म्हणजे नीटनेटकी हवी, असं त्याला वाटलं असणार.

डिसेंबर लागला. बुलढाण्याला थंडी चांगली पडते. गोजरबाई सकाळी अंगणात उन्हाला बसायची. त्याच्या पाळीचे दोन शनिवार असे गेले की दारात कोणी आलं नाही. दुसऱ्या शनिवारी गोजरबाईनं सवयीनं तिघांचा चहा टाकला आणि एक कप स्वतःच जास्तीचा प्याली.

त्याच संध्याकाळी पुष्पांजली व्हॉट्सॲपवर धम्मरत्नला आवाजी निरोप पाठवायला बसली. टाइप करण्यापेक्षा तेच सोपं पडत होतं. तिनं माइकच्या बटणावर दोनदा टिचकी मारली आणि बोलू लागली, "तायडेजी, सहावा भाग मिळाला. आवाज छान आहे. पण एक विचारायचं होतं..."

काय विचारायचं होतं ते तिचं तिलाच नीट जुळत नव्हतं, म्हणून ती थांबली. तेवढ्यात गोजरबाई धुतलेले कपडे घेऊन आत आली.

"त्या वरवटवाल्याशी बोलून राह्यली काय? विचार त्याले, मोटारीची तार खामगावात भेटत नाही काय म्हना. माहं माहेर हाय खामगाव, मले काय मालूम नाही? दोन-दोन दुकानं हाय तारीची. खामगाव वलांडून, घाट चढून थो इथं कायले येत व्हता नऊ वर्षं, तेवढं विचार. अन् तू बी सांग त्याले, शनिवार आला का सकाळपासून नवा झंपर घालून बसत व्हती म्हून."

"आई," पुष्पांजली म्हणाली, आणि तिची बोटं रेकॉर्डिंग पुसायला धावली.

जुन्या फोनवर बोट डावीकडे ओढलं असतं की काम झालं असतं. इथं पुसायचं बटण एका टोकाला होतं आणि पाठवायचं दुसऱ्या टोकाला. तिनं घाईत एक बोट ओढलं, फोननं काही तरी सांगायला तोंड उघडलं, ते पुरं ऐकून न घेता तिनं दोनदा टिचकी मारली. सुळ्ळकन आवाज झाला. गेलं.

"काय झालं व?"

"काही नाही. तू जा बरं जरा."

आता ते दोन्हीकडून पुसायचं होतं. जुन्या फोनवर तिनं ते दोन श्वासांत केलं असतं. इथं त्या निरोपावर बोट आणायचं, मग दोन बोटांनी ती कळ पिळायची, मग खाली खाली ओढत पर्याय ऐकायचे. रिप्लाय. फॉरवर्ड. स्टार. ती घाईनं पुढं गेली, मग मागे आली, मग भलत्याच निरोपावर पोहोचली. भाग तीनच्या निरोपाला तिनं चुकून तारा लावला. पुन्हा शोधलं. अखेर डिलीट सापडलं, त्यावर टिचकी मारण्याआधी फोननं तिच्या बोटाखालचा निरोप त्याच्या सावकाश, स्पष्ट आवाजात वाचून दाखवला. व्हॉइस मेसेज, अठ्ठेचाळीस सेकंद. प्लेड.

त्यानं ऐकलं होतं. पुष्पांजलीनं फोन उशीखाली ठेवला, जणू तिथं तो बोलणार नव्हता.

रविवारी उत्तर नाही. सोमवारी नाही. कार्यालयात ती टपाल नोंदवत होती, पण एका विभागाची पत्रं दुसऱ्याच्या खाती नोंदवून बसली, आणि शिपायानं येऊन ती परत दिली. मंगळवारी रात्री तिनं आसमाला सगळं सांगितलं. आसमा आधी भरपूर हसली. मग म्हणाली, "जुना फोन असता तर पुसलं असतंस ना?"

"लगेच."

"मग बरं झालं की."

पुष्पांजलीला त्यात बरं काय झालं ते तेव्हा दिसलं नाही.

गुरुवारी दुपारी ड्राइव्हवर भाग सात आला. जेवणाच्या सुट्टीत ती कार्यालयाच्या मागच्या ओट्यावर उन्हात बसली आणि कानात इअरफोन घातले. धम्मरत्न वाचत होता. जहाज एका बंदराला लागलं होतं, खलाशी खाली उतरत होते. बारा-तेरा मिनिटं नुसतं वाचन चाललं. मग तो थांबला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. या वेळी त्यानं फाईल साफ केलेली नव्हती.

"मॅडम," तो म्हणाला, "इथं मले एक सांगायचं हाय."

आणि नेमकी लाइन आली. मागे गिरणी घरघरायला लागली. पुष्पांजलीनं दोन्ही हातांनी इअरफोन कानावर दाबले.

"गिरणी सुरू झाली," धम्मरत्न आवाज चढवून म्हणाला. "पण आता बंद केलं तं मंग बोलनं व्हनार नाही. मावशीचं बरोबर हाय. तार खामगावातच भेटते. मी पहिल्यापासून तिथूनच घेतो. बुलढाण्यात तारीचं दुकान कोठी हाय, मले मालूम नाही. तुमी कार्ड नको म्हनलं, मंग मी कोन्या निमित्तानं येऊ, समजलं नाही. म्हून आलो नाही." मग बराच वेळ नुसती गिरणी. "झंपराचं मले मालूम नव्हतं. पुढं वाचतो."

त्यानं खरंच पुढं वाचलं. गिरणीच्या आवाजात खलाशांचं काय झालं ते तिला एक अक्षर कळलं नाही, पण ती शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग तेवढाच तुकडा पुन्हा ऐकायला गेली तर दहा सेकंद मागे न्यायचं बटण सापडेना. भलतीकडे बोट पडलं आणि फाईल पार सुरुवातीला गेली. सुट्टी संपली होती. संध्याकाळी घरी येऊन तिनं सगळा भाग पहिल्यापासून ऐकला, जहाज पुन्हा बंदराला लागू दिलं, आणि तिथवर पोहोचायला बारा मिनिटं लागली त्याची तिला घाई वाटली नाही.

उत्तर तिनं आवाजी पाठवलं नाही. एकेक अक्षर शोधत टाइप केलं, दोनदा वाचून घेतलं: "शनिवारी या. कार्ड नको. पुस्तकच आणा, इथं बसून वाचा."

शनिवारी तो साडेअकराला आला. बोलायचं कोणी काढावं हा प्रश्न फार वेळ राहिला नाही, कारण घरात गोजरबाई होती.

"बस," ती म्हणाली. "तुह्या घरी कोन कोन हाय?"

"आता कोनी नाही, मावशी. दोन बहिनी व्हत्या, त्यायची लग्नं केली. आई चार सालाआधी गेली. माह्या लग्नाचं मंग कोनी काढलंच नाही."

"अन् तू काऊन नाही काढलं?"

"मॅडमचं शिक्षण, नोकरी. मी दहावी. मोटारी भरनारा मानूस."

"तिले दिसत नाही, हे मालूम हाय ना तुले? पुढं चालून म्हनशील..."

"मावशी, अकरा वर्षं झाले," धम्मरत्न म्हणाला. गोजरबाई चहा टाकायला गेली.

मग पुष्पांजली बोलली. तिला ही गोष्ट नीट, फाईलीच्या नोंदीसारखी करायची होती. "तायडेजी, मी नोकरी सोडणार नाही."

"सोडू बी नोका."

"संग्रामपूरला तालुक्याच्या ठिकाणी आमच्या खात्याचं कार्यालय आहे. बदली मागता येईल. वरवटहून किती लांब आहे ते?"

"जवळच हाय. ऑटो चालू असतात दिवसभर."

"नवं घर पाठ व्हायला मला दोन महिने लागतात. तोवर वस्तू हलवायच्या नाहीत. खुर्ची जिथं आहे तिथंच."

"बरं."

"तुमच्या घरात जमिनीवर काय काय पडलेलं असतं?"

तो जरा अडखळला. "तारीचे भेंडोळे हाय. दोन पंप. एक जुना पंखा."

"ते उचला."

"उचलतो," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हसू होतं ते तिला कळलं. मग त्यानं पिशवीतून पुस्तक काढलं. तो वाचू लागला आणि पहिल्याच पानावर खलाशांच्या दोराजवळ थांबला. दोर कशासाठी गुंडाळतात त्यावर दोघं अर्धा तास बोलले. गोजरबाई मध्ये म्हणाली, की माणसं पाण्यात पडू नयेत म्हणून बांधत असतील, त्यात इतकं बोलण्यासारखं काय आहे. अडीचची गाडी गेली. तो साडेचारच्या गाडीनं गेला.

लग्न वैशाखात, विहारात, थोड्या माणसांत करायचं ठरलं. बदलीचा अर्ज गेला. जुना फोन गोजरबाईनं मागून घेतला. फारुखभाईंनी तो साफसूफ करून त्यातलं बोलणं बंद केलं, आणि धम्मरत्ननं नऊ वर्षं न पुसता जपलेली कार्डं ती त्याच्याकडून घेऊन दुपारी पडल्या पडल्या ऐकू लागली. नव्या फोनचं पुष्पांजलीच्या बोटांना हळूहळू वळण पडलं. फेब्रुवारीपर्यंत तिनं त्याचाही वेग इतका वाढवला, की निरोप काय आला ते आईला पुन्हा कळेनासं झालं. "याचंच वाईट वाटते मले," गोजरबाई म्हणाली. आसमानं फोनची खुशाली विचारली तेव्हा पुष्पांजलीनं सरळ सांगितलं, की मागे जायची जुनी पद्धत अजून आठवते, कळफलकावर अजून राग येतो, आणि तरी आता हा परत करणार नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी मायलेकी वरवट बकालला घर पाहायला गेल्या. बाजूच्या शेतात हरभरा काढणीला आला होता. धम्मरत्ननं जमीन खरोखर मोकळी केली होती. पुष्पांजली भिंतीला हात लावत घरभर फिरली, दारं मोजली, मोरीची पायरी दोनदा उतरून चढून पाहिली. मग ती पुढच्या बाजूला दुकानात आली. तिथं कडूबा नावाचे एक म्हातारे शेतकरी आपली मोटार न्यायला येऊन बसले होते. गव्हाला शेवटचं पाणी द्यायचं होतं, आणि लाइनची पाळी दुपारची होती.

"झाली तुमची, बाबा," धम्मरत्न म्हणाला. "चालवून दाखवतो अन् देतो." त्यानं वायर जोडली आणि बटण दाबलं. मोटार घुमू लागली.

पुष्पांजली दारातच थांबली. "हा बारीक खरखर आवाज कसला?"

"कोठी? मले तं नाही येऊन राह्यला."

"मागच्या टोकाला. फिरताना मध्येच येतो."

धम्मरत्ननं मोटार बंद केली, मागचं झाकण खोललं, आत बोट घालून आस हलवून पाहिला.

"बेरिंग गेली हाय," तो म्हणाला. "तार भराच्या नादात मी पाह्यलीच नाही. आठ दिवसांत पुन्हा जळली असती."

"मंग आता किती टाइम लागते?" कडूबांनी विचारलं.

"अर्धा घंटा. बेरिंग हाय माह्याजवळ."

कडूबांनी बाकावर नीट मांडी घातली. गोजरबाई त्यांच्या शेजारी बसली आणि गहू कोणता पेरला म्हणून विचारू लागली. धम्मरत्ननं पान्हा घेतला, पुष्पांजलीसाठी स्टूल पुसून पुढं सरकवलं, आणि काम करता करता मोटारीच्या आत काय काय असतं ते एकेक तिच्या हातात देऊन सांगू लागला.